वाढव

“कापूर तिकडं लांब पेटवा,” विमानाच्या छोट्या खिडकीतून मान बाहेर काढून पद्माकरनं सांगितलं. “त्या पांढऱ्या दगडापाशी. विमानाला आरती लांबूनच दाखवा. त्याला दिसतं.”

दसऱ्याची सकाळ होती. गावाबाहेर साखर कारखान्याच्या मागं एक धावपट्टी होती. कारखान्याच्या कुठल्याशा अध्यक्षांनी ती मुख्यमंत्र्यांसाठी बांधून घेतली होती. मुख्यमंत्री एकदाच आले, तेही मोटारीनं. तेव्हापासून तिच्यावर वर्षातले बरेच महिने आसपासच्या शेतकऱ्यांचा मका वाळत असे. टोकाला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये पद्माकर निमकरचं विमान. आज ते बाहेर काढून उन्हात उभं केलं होतं. पंख्याला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती, ती पद्माकरनं स्वतः काढून शेपटीला बांधली. फिरत्या पंख्यात झेंडू गेले की काय होतं हे त्याला ठाऊक होतं. बाकीच्यांची ते पाहायची तयारी होती.

मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. मी मराठीचा प्राध्यापक. विमानात माझा उपयोग वजन म्हणून होता, आणि आज तोही तात्पुरता. इंजिन सुरू होऊन जरा गरम झालं की मी उतरायचं आणि माझ्या जागी वृंदावहिनींनी बसायचं, असं ठरलं होतं.

हे ठरायला तीन वर्षं लागली होती.

पद्माकर माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याची फाउंड्री होती. तिथं मुख्यतः ड्रेनेजची झाकणं निघत. आमच्या शहरातल्या जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर ओतीव अक्षरांत ‘निमकर’ लिहिलेलं आहे. रोज हजारो लोकांनी आपलं नाव तुडवूनही खुशीत असणारा माझ्या माहितीतला तो एकटाच. जमिनीत बसवायच्या वस्तूंवर मिळवलेल्या पैशातून त्यानं आकाशात जाणारी वस्तू घेतली. जुनं, चार सीटचं विमान. कुठल्या तरी संस्थानिकाच्या नातवाला ते नकोसं झालं होतं. पुण्याला जाऊन त्यानं रीतसर परवाना मिळवला, आणि मग मित्रांना, मित्रांच्या मेहुण्यांना, एकदा तर आयकर अधिकाऱ्यालाही फिरवून आणलं. बायको मात्र बसेना.

वहिनींचा विरोध विमानाला नव्हता. विमानाविषयी लोक जे बोलत, त्याला होता. “पडलं म्हणजे?” असं कुणी सहज म्हटलं की त्या उठून आत जात. त्यांच्या घरात दिवा विझत नसे, मालवत असे. मीठ संपत नसे, उदंड होत असे. बांगडी फुटत नसे, वाढत असे. दारातून निघताना ‘जातो’ म्हणालेला माणूस उंबऱ्याच्या आत बोलावला जाई आणि ‘येतो’ म्हणवून परत सोडला जाई. एकदा मी दोनदा गेलो आणि तीनदा आलो. मी वर्गात शब्दशक्ती शिकवत असे. वहिनी ती वापरत. नवरा रोज जमीन सोडून जाणारा असला की बायकोच्या हातात शब्दांखेरीज काय उरतं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. मला ती गंमत वाटायची आणि मी तिच्यावर दिवाळी अंकात एक लेखही लिहिला होता. तो वहिनींनी वाचला. चांगला झालाय म्हणाल्या, फक्त शेवटी ‘समाप्त’ कशाला लिहिलंत म्हणाल्या.

तर त्या दसऱ्याला त्या बसायला तयार झाल्या. अट एकच. इंजिन सुरू व्हायच्या क्षणाला नारळ वाढला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. आणि मुहूर्त चुकला तर पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही.

“माझं कधी ऐकलंय का ह्यांनी,” त्या मला शेडपाशी म्हणाल्या होत्या. “लग्नात सुद्धा भटजींनी ‘सावधान’ म्हणायच्या आत हार घातला. आज एवढं ऐकणारेत, म्हणून बसणार. कळलं का भावोजी?”

नारळ वहिनींच्या थोरल्या भावाच्या हातात होता. श्रीनिवासराव, वकील. ते या प्रसंगासाठी सफारी घालून आले होते आणि विमानापासून पुरेशा अंतरावर उभे होते.

“फोडायचा कुठं पण? या दगडावर?” त्यांनी विचारलं होतं.

“फोडायचा काय दादा. वाढवायचा.”

“बरं, वाढवायचा. कुठं वाढवायचा?”

“दगडावरच. मी सांगितलं की.”

अशी सगळी व्यवस्था होती. पांढरा दगड आमच्या डाव्या पंखाच्या पलीकडं होता. तिथं सतरंजी, ताम्हन, कापूर, नारळ, वकील आणि वहिनी. इकडं आम्ही दोघं.

पावसाळाभर विमान शेडमध्ये बसून होतं. पद्माकरनं चावी फिरवली तर पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

“रुसलंय,” तो म्हणाला.

मग त्यानं समोरची एक छोटी दांडी ओढून आत दाबली. पुन्हा ओढली, पुन्हा दाबली. थंड इंजिनाला आधी थोडं पेट्रोल पाजावं लागतं, त्यानं सांगितलं. सांगायची त्याला हौस होती. कॉलेजात मी त्याला व्याकरणातले संधी शिकवायला जायचो आणि परत येताना मला स्कूटरचं कार्बुरेटर समजलेलं असायचं.

“किती पाजायचं?”

“तेच तर आहे. कमी झालं तर उठत नाही. जास्त झालं तर पोटात तळं साचतं. मग एक ठिणगी उलटी आली की तळं पेटतं.”

“आणि मग?”

“मग सगळ्यांना वाटतं की थांबवावं. चावी सोडावी आणि पळावं.” तो हसला. “थांबवायचं नाही. फिरवत राहायचं. इंजिन फिरतंय तोवर आपली आग आपणच आत ओढतं. गिळून टाकतं. सोडलंस की बाहेर येते.”

“तुझ्या बाबतीत झालंय असं?”

“हे असलं तिच्यासमोर विचारू नकोस,” तो म्हणाला. “नाहीतर आत्ता जाऊन गाडीत बसेल.”

त्यानं तिसऱ्यांदा चावी फिरवली. बॅटरीचा आवाज मला सुद्धा दमलेला वाटला. मी म्हटलं, उद्या करू, बॅटरी भरून आणू. तो मानेनंच नाही म्हणाला. त्यानं खिडकीतून वहिनींकडं पाहिलं. त्या पदर खोचून, डोळे बारीक करून, इंजिनाकडं बघत होत्या. उद्या नाही, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. शिवाय मुहूर्ताचा वेळ सरत आला होता. सरत आला म्हणायचं नाही. भरत आला.

“पेट्रोल पुरेसं झालंय,” तो स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाला. “आता एक थेंब द्यायचा नाही. नुसतं फिरवायचं. धरेल.”

त्यानं चावी फिरवली आणि इंजिननं धरलं.

धरलं म्हणजे खोकलं. एकदा, दोनदा. सगळं विमान एका अंगानं शहारलं. पंखा दिसेनासा होऊ लागला. पद्माकरनं डावा हात चावीवरच ठेवला होता आणि उजवा समोरच्या काळ्या मुठीवर, जिच्यानं इंजिनाचा वेग कमीजास्त होतो आणि दर दाबाला थोडं पेट्रोलही आत जातं. तो हलत नव्हता. तो कान देऊन ऐकत होता. फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहून ऐकायचा तसं. बाहेरून, स्टार्टरच्या घरघरीतून, वहिनींचा आवाज आला.

“वाढव!”

पद्माकरचा हात काळ्या मुठीवर आत गेला, बाहेर आला, परत आत गेला, परत बाहेर, परत आत.

नाकाखाली कुठंतरी धप्प झालं. मोठा आवाज नव्हता. बंद दाराआड कुणीतरी पोतं टाकावं तसा. पंखा मंदावला.

आत बसलेल्याला आग दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला समोर नुसतं निळं आकाश आणि पांढरं नाक दिसत होतं. आग मला श्रीनिवासरावांच्या चेहऱ्यावर दिसली. ते तोंड उघडून विमानाच्या पोटाकडं बघत होते. मग ते वळले आणि नारळासकट पळत सुटले.

पद्माकरनं चावी सोडली नाही. उलट्या हातानं त्यानं एक लाल मूठ बाहेर खेचली, काळी पार आत ढकलली, खाली वाकून पेट्रोलची तोटी फिरवली. हे सगळं त्यानं इतक्या सावकाश केलं की मला वाटलं, काही विशेष नाही.

“मास्तर, उतर,” तो म्हणाला. “मागं जा, शेपटीकडं. पुढं पंखा आहे.”

“तू?”

“मी फिरवतोय.”

“पद्या, चल.”

“सांगितलं ना तुला मघाशी,” तो म्हणाला. वर्गात दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्याला मी जसं सांगतो तसं. “सोडलं की बाहेर येईल. जा.”

मी उतरलो. शेपटीकडं गेलो, झेंडूच्या माळेपाशी. तिथून मला ती दिसली. नाकाच्या खालच्या जाळीतून एक पिवळी जीभ बाहेर येत होती आणि पंखा फिरला की आत जात होती. येत होती, आत जात होती. त्याचं बरोबर होतं. इंजिन खरंच गिळत होतं.

वहिनी पळत विमानाकडं आल्या. “बंद करा!” त्या ओरडत होत्या. “अहो, बंद करा! उतरा खाली!” मी त्यांना दंडाला धरून थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, उजव्या हातानं थांबायची खूण केली आणि चावी धरून ठेवली. याही वेळी त्यानं ऐकलं नाही. आणि याही वेळी त्याचंच बरोबर होतं.

चुकली ती बॅटरी. पंख्याच्या गिरक्या जड होत गेल्या. घर्र, घर्र, घ... आणि एका गिरकीच्या अर्ध्यात पंखा थांबला. जीभ बाहेर आली ती परत आत गेली नाही.

तो उतरला. त्या वेळी त्यानं पळायला हवं होतं. पण सीटखालचा लाल सिलिंडर घेऊन तो नाकाकडं गेला, गुडघे टेकून बसला आणि जाळीत पांढरी भुकटी मारली. आग बसली. वहिनींनी माझ्या हातातला दंड सोडवून घेतला आणि हात जोडले. मीही सुटकेचा श्वास सोडला. पद्माकर वळून आमच्याकडं बघून काहीतरी म्हणणार होता. त्याच्या चेहऱ्यावर विनोद करायच्या आधीचं ते हसू आलेलं मी पाहिलं. एवढ्यात वर साचलेलं सगळं पेट्रोल त्याच्या बाहीवर आणि मांडीवर उतरलं आणि मागून पेटत आलं.

पूजेची सतरंजी मी त्याच्यावर टाकली. बाकीचं मला नीट आठवत नाही. जे आठवतं ते मी कुठं लिहिलेलं नाही, इथंही लिहिणार नाही.

नारळ मात्र शेवटपर्यंत वाढला नाही. संध्याकाळी तो श्रीनिवासरावांच्या गाडीत मागच्या सीटवर अख्खा सापडला.

दवाखान्यात पद्माकर आठवडाभर होता. तोंड वाचलं होतं. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या की तो माझ्याशी बोलत असे, त्या आल्या की डोळे मिटून घेत असे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला भाजणं समजत होतं.

एका दुपारी तो म्हणाला, “मास्तर, तू काय ऐकलंस?”

मी म्हटलं, “कधी?”

“नाटक करू नकोस.”

“तू ऐकलंस तेच.”

“नाही,” तो म्हणाला. “तू काही ऐकलं नाहीस. आवाज होता. मी उगाच घाईत मूठ मारली. हौशी वैमानिक, अति पेट्रोल. चौकशीला येतील त्यांना हेच सांगायचं.”

“अरे, पण चूक तुझी नाही.”

“हात माझा होता.”

“तुझं नाव खराब होईल, पद्या.”

“माझं नाव झाकणांवर आहे,” तो म्हणाला. “ते ओतीव आहे. तिला हे कधी कळता कामा नये. ती शब्दांवर जगते. तू लेख लिहिलास ना तिच्यावर. मग तुला सांगायला नको.”

मला राहवलं नाही. मी मराठीचा प्राध्यापक. म्हटलं, “पण तुला कळायला हवं होतं. ती तुला ‘वाढव’ कशी म्हणेल? ती तुला ‘वाढवा’ म्हणेल. चारचौघांत तुला अहो-जाहो सोडून दुसरं काही बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. ती दादांना सांगत होती. नारळाचं. आधी ‘दादा’ म्हणालीही असेल, ते स्टार्टरमध्ये बुडालं.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला तेव्हा समजलं नाही. कीव होती, थोडी गंमत होती आणि आणखीही काहीतरी होतं.

“तू मास्तर आहेस,” तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडं केलं.

तो गेला त्या दिवशी वहिनींच्या बांगड्या, त्यांच्या घरच्या भाषेत सांगायचं तर, वाढल्या. त्यांच्या जाऊबाईंनी तोच शब्द वापरला. मी दाराबाहेर उभा होतो. मला ऐकू आलं.

चौकशीला दिल्लीहून एक गृहस्थ आले. सभ्य माणूस. त्यांनी जळका सांगाडा बघितला, मग मला बसवून हिंदीत विचारलं, की इंजिन धरत असताना वैमानिकानं थ्रॉटल, म्हणजे ती काळी मूठ, मागंपुढं का केली? इतका जाणता माणूस, असं कसं केलं? बाहेरून कुणी काही इशारा दिला का?

मी म्हणालो, काही ऐकू आलं नाही. खरं सांगायचं ठरवलं असतं तरी ते कसं सांगितलं असतं कुणास ठाऊक. आमच्याकडं नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जे मोडायचं त्याला आम्ही वाढवायचं म्हणतो. हे त्या भल्या माणसाला हिंदीतून पटवायचं म्हणजे मलाच वेड लागलंय असं त्यानं लिहून घेतलं असतं. त्यांनी वैमानिकाची चूक असा निष्कर्ष काढला. गावानं तो आधीच काढला होता. पानाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं, की झाकणं करणाऱ्यानं झाकणं करावीत. ते बोलणारा झाकणावरच उभा होता.

पुढं मी बदली मागून दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेलो. तिकडच्या नगरपालिकेनंही निमकरांचीच झाकणं बसवलेली होती. मी ती ओलांडून चालतो. लोकांना वाटतं मी अंधश्रद्ध आहे. माझ्यासारख्या लेखकाला ते जरा लाजिरवाणंच आहे. जेवणाच्या पंगतीत कुणी वाढप्याला हाक मारून ‘अरे, इकडं वाढ’ म्हटलं तर मला काही होत नाही. पण कधी वरच्या मजल्यावर, रेडिओचा आवाज कमी पडला म्हणून, कुणीतरी कुणालातरी ‘वाढव’ म्हणतं. एवढा एकच शब्द, बाईच्या आवाजात. मग मी वाट बघतो. धप्प होत नाही. तरी वाट बघतो.

त्यातल्या त्यात आधार एकच होता, आणि तो व्याकरणाचा होता. वहिनींना कधी शंका आली तरी त्या स्वतःच ती झटकून टाकतील. ‘वाढव’ हा शब्द भावाला उद्देशून होता, नवऱ्याला ‘वाढवा’ म्हटलं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत. एका कान्याइतकं अंतर. तेवढ्यावर मी वीसेक वर्षं निश्चिंत होतो.

गेल्या वर्षी श्रीनिवासरावांच्या मुलानं मोटार घेतली आणि दसऱ्याच्या पूजेला मला आग्रहानं बोलावलं. वहिनी भावाकडंच राहतात आता. केस सगळे पांढरे. मला बघून म्हणाल्या, “या भावोजी, वाळलात,” आणि खुर्ची दिली. मोटारीला माळ घातली होती. चाकाखाली लिंबं ठेवली होती. मुलगा आत बसला होता. श्रीनिवासरावांच्या हातात पुन्हा नारळ होता, आणि मला वाटतं हे आमच्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं, कारण त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“फोड दादा,” वहिनी म्हणाल्या.

“वन्सं, अहो वाढव म्हणावं,” श्रीनिवासरावांच्या बायकोनं हळूच सांगितलं. बोलण्यावरून दिसत होतं की हे घरात नेहमीचं आहे. “आज तरी.”

“नारळ आहे,” वहिनी म्हणाल्या. “फोडायचाच असतो. फोड.”

श्रीनिवासरावांनी फोडला. एका दणक्यात दोन भकलं झाली. सगळे पेढे वाटायला आत गेले. मुलगा मोटारीत गाणी लावायची खटपट करत होता. ओसरीवर मी आणि वहिनी राहिलो. मी पेढा हातात धरून बसलो होतो.

“चौकशीत तुम्ही सांगितलंत, काही ऐकू आलं नाही,” त्या म्हणाल्या. काल सांगितल्यासारखं.

“नाहीच आलं.”

“खिडकी उघडी होती.”

“स्टार्टरचा आवाज होता, वहिनी. कान किटले होते.”

“हं.”

त्यांच्या ‘हं’मध्ये काहीच नव्हतं. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण एखादी गोष्ट वर्षानुवर्षं तयार करून ठेवली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, विशेषतः जो माणूस पगार घेऊन बोलतो त्याला. मी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि शक्य तितक्या सहज म्हणालो, “आणि वहिनी, ऐकू आलं असतं तरी काय? तुम्ही दादांना सांगत होता. ‘वाढव’ म्हणालात. पद्माकरला तुम्ही कधी ‘वाढव’ म्हणाल का? ‘वाढवा’ म्हणाल. त्याच्यासाठी तो शब्द नव्हताच.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याशी माझी ओळख होती. दवाखान्यात भिंतीकडं तोंड करायच्या आधी त्यानं असंच पाहिलं होतं.

“म्हणजे ऐकू आलं,” त्या म्हणाल्या.

मी पेढा पिरचीत ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या. रडल्याही नाहीत. पदराच्या टोकाशी एक सैल धागा होता, तो त्यांनी बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

“घरात आम्ही दोघंच असलो ना,” त्या म्हणाल्या, “की मी त्याला अरे म्हणायचे, भावोजी. लग्नापासून. कुणाला माहीत नव्हतं. दादाला पण नाही.”

आत कुणीतरी भांडं पाडलं आणि कुणीतरी हसलं.

“एकदाच,” वहिनी म्हणाल्या. “आयुष्यात एकदाच माझं ऐकलं त्यानं.”

बाहेर मुलानं चावी फिरवली. पहिल्या झटक्यात मोटार सुरू झाली. आजकालच्या होतात. वहिनींनी डोळे मिटले, आणि मोटार गल्लीचं वळण घेऊन तिचा आवाज अगदी नाहीसा होईपर्यंत उघडले नाहीत.